गुंदची बोली आणि दिनकर कुरणे

दिनकर कुरणे यांच्याशी साधं बोलणं अवघड होतं. आपण काही सांगू लागलो की ते डोळे मिटून घेत, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत आपले शब्द मोजत आणि आपलं संपताच म्हणत, "आता हेच कानडीत सांगा बघू." मी त्यांना पहिल्यांदा चहा दिला तेव्हा "साखर कमी वाटली तर सांगा" एवढंच मी म्हटलं होतं. ते वाक्य त्यांनी माझ्याकडून मराठी, कानडी आणि कोकणी अशा तिन्ही भाषांत म्हणवून घेतलं. चहा निवून गेला.

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. मी खानापूरकडची, सीमाभागातल्या गुंद गावच्या मराठी शाळेत शिकवायला आले होते. तालुक्याची कचेरी तेव्हा सुप्याला होती आणि आमच्याकडे बाहेरचं माणूस क्वचितच यायचं. कुरणे मूळचे बेळगावचे, मुंबईत राहून डॉक्टरेट करत होते. शेजारी नांदणाऱ्या भाषा एकमेकींची घडण उचलतात का आणि ती घडण गणितासारखी मांडून यंत्राला शिकवता येईल का, हा त्यांचा विषय, आणि त्यासाठी ते गुंदला येऊन राहिले होते. "शब्द तीन घरचे, पण चूल एक," ते म्हणत. "हे मला यंत्राकडून वदवून घ्यायचंय."

माझ्या वर्गातली मुलं "म्हैस आलं" म्हणत आणि मी ते दुरुस्त करत असे. कुरण्यांनी मला थांबवलं. "कानडीत म्हैस बाई नसते. म्हणून इथल्या मराठीतही ती बाई राहिलेली नाही. ही चूक नव्हे बाई, हा शेजार आहे." त्या दिवसापासून मी माझ्याच मुलांचं बोलणं कान देऊन ऐकू लागले.

परक्या माणसापुढे गावातलं कुणी तोंड उघडत नसे, म्हणून मी त्यांना तुळसाक्कांकडे नेलं. तुळसाक्का मराठी बोलणाऱ्या. त्यांची सून बसव्वा हल्याळकडची, तिची भाषा कानडी. एकीनं वाक्य सुरू करावं आणि दुसरीनं आपल्या भाषेत ते संपवावं, असं त्या घरातलं बोलणं. तुळसाक्का म्हणाल्या, "गडी सकाळी उठून शेताला गेला, अजून आला न्हाई." बसव्वानं तेच सांगितलं, "आळु बेळिग्गे एद्दु गद्दिगे होदा, इन्नू बंदिल्ला." कुरण्यांनी दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि शब्दाला शब्द रेघेनं जोडला. एकही रेघ दुसरीला छेदत नव्हती. ते इतके हरखले की बसव्वानं त्यांना आणखी भात वाढला.

प्रत्येक वाक्याचं ते एक जाड कार्ड करत. कार्डाच्या काठाला भोकं असत, आणि वाक्याच्या घडणीप्रमाणे त्यांतली काही ते कापून उघडी करत. गठ्ठ्यातून विणकामाची सुई घालून उचलली की सारख्या घडणीची कार्डं गळून खाली पडत. गावानं त्यांचं नाव पत्तेवाले मास्तर ठेवलं. पुढे मुंबईच्या एका संस्थेतल्या खोलीभर मोठ्या यंत्राला त्यांनी एक घडण आणि तिन्ही भाषांचे शब्द दिले. यंत्रानं जुळवलेली वाक्यं घेऊन ते परतले आणि तुळसाक्कांच्या ओसरीवर वाचू लागले. "दगड भात खाऊन झोपला." मग तेच कानडीत, मग कोकणीत.

"मशीनला भूक लागली असंल," बसव्वा म्हणाली.

"पण बोलणं बरोबर आहे का?"

"बोलणं आमचंच हाय. दगूड तेवढा चुकला."

कुरणे म्हणाले, "परीक्षकांनी काही म्हटलं तरी माझी परीक्षा आज झाली."

मग सीमेचा वाद तापला. कुठलं गाव कुणाचं हे तिथल्या बोलण्यावरून ठरवायची सगळ्यांनाच घाई झाली. एका सकाळी शाळेच्या पटांगणात मराठी बाजूच्या पुढाऱ्यांनी सभा भरवली आणि त्यांच्याबरोबर जीपमधून कुरणे उतरले. मला आनंद झाला. हा माणूस आता खरं काय ते सांगेल, असं वाटलं.

ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी इथं राहून अभ्यास केला आहे. तुळसाक्कांचंच घर घ्या. त्या घरात मराठीच बोलली जाते. दुसरी भाषा नाही."

बायकांच्या घोळक्यातून बसव्वा पुढे आली. आवाज न चढवता तिनं विचारलं, "मग मी ह्या घरात मुकी हाय व्हय, सर?"

कुरण्यांनी तिच्याकडे पाहिलं, पुढाऱ्यांकडे पाहिलं. "बसव्वा, हे कामापुरतं आहे," ते म्हणाले आणि पुढचं बोलू लागले.

सभा उठल्यावर मी त्यांना जीपपाशी गाठलं. "बसव्वाची कार्डं काय केलीत?"

"जपून ठेवलीयत. प्रबंधात सगळं येईल. इथं सगळं दाखवायची गरज नव्हती." मग हळू आवाजात म्हणाले, "नवं भाषाकेंद्र निघतंय, त्याचं प्रमुखपद मला देणार आहेत. आणि बाई, मी तुमच्याच बाजूनं बोललो ना?"

ते खोटं नव्हतं. माझी शाळा मराठीच राहावी असं मला मनापासून वाटत होतं. म्हणूनच ते बोलणं मला जास्त लागलं. माझ्या मनातली इच्छा ओळखून त्यांनी तिचाच आडोसा केला होता.

बसव्वानं मराठी सोडली. सासूनं पाणी मागितलं तर ती आणून देई, पण विचारलेल्याचं उत्तर कानडीतच. तुळसाक्काही हट्टानं कानडी विसरल्या. वर्षभरात बसव्वा आणि तिचा नवरा हल्याळला राहायला गेले. "भांडान असतं तर मिटलं असतं," तुळसाक्का मला म्हणाल्या. "घरच गप झालं, बाई."

कुरणे मला शेवटचे दिसले ते उळवीच्या जत्रेत. नावामागे डॉक्टर लागलं होतं, हवं होतं ते पदही मिळालं होतं. सोडलेल्या बैलगाड्यांमधून वाट काढत ते माझ्याकडे आले आणि थेट आमच्या गुंदच्या बोलीत म्हणाले, "काय बाई, बरं हाय न्हवं? वळख हाय का न्हाई?" उच्चारात कुठेही खोट नव्हती. तुळसाक्कांच्या ओसरीवरच शिकलेले होते ते.

मी हात जोडले आणि पुस्तकी मराठीत म्हटलं, "नमस्कार. आपण कधी आलात? प्रवासात काही त्रास तर झाला नाही ना?"

दुसऱ्या कुणाला त्यात नुसता आदर ऐकू आला असता. कुरण्यांचा चेहरा उतरला. ते आल्या वाटेनं गाड्यांमधून परत गेले.