तीन त्रिकोणांचा कुरव

माझे बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. उंच काचेच्या केबिनमध्ये एकट्यानं आयुष्य काढलं की माणूस एक तर विक्षिप्त होतो किंवा त्याला कसला तरी नाद लागतो. बाबांचं दोन्ही झालं, असं आई म्हणायची. नाद लागला तो कुरवांचा. मासळीवर टपलेल्या त्या पांढऱ्या, कलकलाटी पक्ष्यांना बंदरावरचे बाकीचे लोक शिव्या घालायचे आणि बाबा वरून त्यांच्या पाठी बघत बसायचे. कुरवाची खरी ओळख पाठीवर असते, तुम्हा खालच्यांना नुसती पोटं दिसतात, असं ते आम्हाला ऐकवायचे.

निवृत्तीनंतर त्यांची दुर्बीण टॉवेलशेजारच्या खुंटीवर आली. आई त्यांच्यासोबत धक्क्यावर जाऊन विणत बसायची आणि नवीन पक्षी नेमका तिलाच आधी दिसायचा. "अहो, तुमचा पाहुणा आला," एवढं सांगून ती पुन्हा सुयांकडे वळायची. एकाही पक्ष्याचं नाव तिनं शेवटपर्यंत लक्षात ठेवलं नाही.

आई गेली आणि मी बाबांकडे राहायला आले. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. कुणाला किती दिसतं हे तपासण्यात माझा दिवस जातो, पण घरात आल्यावर मी सोयीनं आंधळी व्हायचे. बाबा शेजाऱ्याच्या चपला घालून आले, तर मी म्हणायचे, दिसतातच सारख्या. गॅस चालू राहिला, तर म्हणायचे, माझ्याकडूनही राहतो. दादाला मात्र हे पटत नव्हतं. तो समुद्रापासून लांब एका मोठ्या शहरात राहतो, वरच्या मजल्यावर. त्याच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. बाबांना तिकडे न्यायचं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं आणि बाबांना तिथं ठेवणं म्हणजे त्यांना जिवंतपणी कपाटात बंद करणं, असं माझं मत होतं.

एका वादळी सकाळी बाबा धापा टाकत घरी आले. "पंखावर तीन त्रिकोण! करडा, काळा, पांढरा! आपल्या किनाऱ्यावर कुणी बघितलेला नाही हा!"

मी कौतुकानं दादाला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे आता नसलेले पक्षीही दिसायला लागले."

माझं डोकंच फिरलं. "दादा, पक्षी खरा निघाला तर बाबांना न्यायचा विषय पुन्हा काढायचा नाही. आहे कबूल?"

"कबूल. आणि मी स्वतः येतो बघायला."

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर मी धक्क्यावर गेले. वारा इतका, की दुर्बीण हातात ठरेना. आणि मला तो दिसला. "बाबा, ते बघा, पाण्यावरच्या त्या तरंगत्या लाल बोयाच्या डावीकडे!" त्यानं पंख उघडले आणि तीनही त्रिकोण लख्ख दिसले. आम्ही दोघं तिथंच नाचलो. फोनमध्ये फोटो काढला, पण त्यात तो तांदळाच्या दाण्याएवढाच आला.

नीट फोटो नसला की आमच्याकडचे पक्षी न्यायाधीशांकडे जातात. हे म्हणजे गणिताचे एक निवृत्त शिक्षक. किनाऱ्यावरच्या दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी तेच तपासतात आणि बहुतेक फेटाळतात, म्हणून हे नाव. त्यांचा नियम असा की फोटो नसेल तर दोन साक्षीदार हवेत. दोघांनी वेगवेगळं सांगायचं आणि एक बोलत असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

ते घरी आले तेव्हा दादाही पोचला होता. माझी साक्ष आधी झाली. मग मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. दार अर्धवट उघडं होतं.

बाबा बोलायला लागले आणि मला भरून आलं. करडं डोकं, त्याच्या कडेला काळी बारीक पट्टी, काळ्या चोचीचं पिवळं टोक, शेपटीला हलकी खाच. मला न दिसलेलंसुद्धा त्यांनी सांगितलं. आता बोल, दादा, असं मी मनात म्हटलं.

"सोबत कोण होतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ही होती ना, आमची. तिनंच आधी बघितला. म्हणाली, अहो, तुमचा पाहुणा आला."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. धावत जाऊन सांगावंसं वाटलं, बाबा, मी होते, मी! पण तोंड उघडायचं नव्हतं.

न्यायाधीशांनी मला बाहेर बोलावलं. "वर्णन जुळतंय. पण दुसरं कोण होतं, ते नीट कळायला हवं."

"मी होते," मी म्हणाले. "आई जाऊन बरीच वर्षं झाली, काका."

बाबा ताडकन उठले. "तू कुठं होतीस? खोटं का बोलतेस?" "आयुष्यात एक खोटी नोंद केली नाही मी. माझ्या घरात हे चालणार नाही!"

चोराकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत होते. दादा जिंकला होता, पण त्यानंच तोंड फिरवून डोळे पुसले. पक्षी खरा होता, तरी बाबांना आता न्यायलाच हवं, हे मलाही दिसलं. मी हट्टानं उभी राहिले असते तर पक्ष्याची नोंद वाचली असती. पण आपली मुलगी खोटारडी आहे, एवढंच धरून बाबा या घरातून गेले असते. ते मला सोसवेना.

"बरोबर आहे, बाबा. मी नव्हते."

न्यायाधीशांनी हातातली वही मिटली. मग हळूच म्हणाले, "एकट्याच्या साक्षीवर नोंद होत नाही, बाळ."

"माहीत आहे, काका."

दादानं खुंटीवरची दुर्बीण काढली आणि तिचा पट्टा नीट गुंडाळायला लागला. ही पण न्यायची ना, असं त्यानं नजरेनंच विचारलं. मी मान डोलावली.

बाबा शांत झाले होते. जवळ येऊन त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू दे ती नोंद," ते म्हणाले. "खरं बोललीस, तेवढं बास झालं. संध्याकाळी आई आली की सांगतो तिला."