शेवंताकाकूंचा खोकला

हे आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही — नवऱ्याच्याही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. पण आता आत ठेववत नाही.

२००८ साली आम्ही पुण्याजवळच्या नांदे गावात राहायचो. मूळचे लातूरचे, नवऱ्याची नोकरी हिंजवडीला. शेवंताकाकूंच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आमची ऋता सहा वर्षांची — आणि तिला सांधेवात. हो, लहान मुलांनाही होतो. सकाळी बोटं उघडायची नाहीत. माझा स्वयंपाक होईपर्यंत काकूच तिला मांडीवर घेऊन कोमट पाण्यात तिचे हात शेकायच्या. काकूंना खोकला होता — चुलीच्या धुराचा, जुना.

पुण्याच्या डॉक्टरांनी नवीन इंजेक्शन सुचवलं. बायोलॉजिक म्हणतात. गुण चांगला, पण त्याने प्रतिकारशक्ती दबते. आत टीबी लपलेला असेल तर उसळतो. ऋताच्या तपासण्या स्वच्छ आल्या. तरी त्यांनी विचारलं, "घरात कुणाला कधी टीबी झालाय? असेल तर आधी त्याच्या गोळ्या देऊ, मग इंजेक्शन."

नवरा शेजारीच होता. मी म्हणाले, "नाही."

कसं म्हणवलं? मला झाला होता. लग्नाआधी — माहेरच्यांनी लपवून लग्न लावलं. ऋता वर्षाची असताना तो पुन्हा उलटला, तेव्हा आईकडे राहून गुपचूप औषधं घेतली. एक 'हो' पुरला असता. पण सासरी कळलं तर? मला घालवलं तर? मी लेकीचा नाही, माझा विचार केला.

इंजेक्शनं सुरू झाली. ऋता चक्क पळायला लागली. आणि मी? दिवसातून दहादा तिचं कपाळ चाचपायची. शिंकली तरी थर्मामीटर लावायची. तरी डॉक्टरांना खरं सांगितलं नाही. चौथ्या महिन्यात ताप आला, उतरेना. मानेला गाठी. टीबीच.

"आला कुठून?" नवऱ्याने विचारलं. आणि मी म्हणाले, "काकू सारख्या खोकत असतात ना."

त्याने अंगणात उभं राहून काकूंना नको नको ते ऐकवलं. आठवड्याभरात खोल्या सोडल्या. टेम्पो भरत होतो, तेवढ्यात काकू आल्या — पौडच्या सरकारी दवाखान्यात तपासून, हातात कागद.

"बघा ताई, मला काय बी न्हाई. सायबास्नी दावा. माझ्या हातनं पोरीला आजार कसा वो व्हईल?"

दाखवते म्हणाले. कागद घेतला. आणि नव्या घरी गेल्यावर फाडून टाकला.

ऋता टीबीतून बरी झाली. पण ते इंजेक्शन कितीतरी महिने बंद ठेवावं लागलं, आणि तेवढ्या काळात तिचं उजवं मनगट वाकलं ते वाकलंच. आता ती नोकरी करते. लहानपणीचा विषय निघाला की मनगट पुढे करून म्हणते, "त्या म्हातारीने दिलं मला हे." मी समोरच असते. एकदाही तिला थांबवलेलं नाही.