आत्याच्या चौकाची समीक्षा

भाचीने शहरांविषयी ऑनलाइन समीक्षा-मासिक काढायचं ठरवलं, त्याच दिवशी आत्याने तिला 'संपादकीणबाई' करून टाकलं. मासिकाचा संसार तरी केवढा? नगररचना शिकणारी चार टाळकी, कॉलेजच्या जिन्याखालची एक खोली आणि फुकटात मिळालेली वेबसाइट, जिच्यावर अजून 'इथे तुमचं शीर्षक लिहा' एवढंच दिसत होतं. पण उत्साह असा की विचारू नका. नाटक-सिनेमांची परीक्षणं होतात, मग पूल, बसथांबे आणि बागा यांनीच काय घोडं मारलंय? नियम दोनच. जागेवर जाऊन बसल्याशिवाय लिहायचं नाही, आणि ज्याने ती जागा आखली त्याला लेख आधी दाखवून उत्तर द्यायची संधी द्यायची. दोन्ही नियम संपादकीणबाईंनीच टेबलावर मूठ आपटून मंजूर करून घेतले होते.

पहिला लेख घेऊन आला भोंगा. हे नाव वर्गाने त्याच्या आवाजामुळे ठेवलेलं, पण तो लिहायचाही तसाच. लेख स्टेशनसमोरच्या नव्या चौकावर होता. 'या चौकात भर दुपारी बाकावर बसणाऱ्याला शौर्यपदक द्यावं,' अशी सुरुवात, आणि पुढे हा चौक आखणाऱ्या पालिकेतल्या बाईंचं नाव, आडनावासकट. त्या बाई म्हणजे आत्याच.

आईवडील नोकरीपायी दूर, त्यामुळे भाची शाळेत असल्यापासून आत्याकडेच वाढलेली. आत्याच्या ड्रॉइंग टेबलाखाली बसून तिच्या चांगल्या पेन्सिलींची टोकं मोडायची, हा तिचा लहानपणीचा उद्योग. नगररचनेला गेली तीही आत्याचंच बघून. हा चौक पुरा झाला त्या संध्याकाळी आत्या घरभर गात हिंडली होती, आणि ती गाते तेव्हा शेजारी खिडक्या लावून घेतात. आता हा लेख तिच्या हातात द्यायचा तरी कसा? न द्यावा, तर भोंगा कॉलेजभर बोंब ठोकणार आणि मासिक जन्माआधीच मरणार.

तिने आपल्या मते मोठी अक्कल लढवली. भोंग्याला न सांगता आत्याचं नाव गाळलं, शौर्यपदक काढून घेतलं आणि त्याजागी लिहिलं, 'चौकातील सावलीबाबत सुधारणेस वाव आहे.'

जेवण झाल्यावर आत्याने चष्मा चढवून लेख वाचला.

"कुणी लिहिलाय हा?"

"वर्गातल्या एका मुलाने."

"मुलाने? अगं, 'सुधारणेस वाव आहे' हे वाक्य माझं आहे! दुसऱ्याचं काम अगदीच भंगार असलं की मी फाइलवर हेच लिहिते. खरा लेख आण मुकाट्याने."

शौर्यपदकाला आत्या खो खो हसली. पुढे वाचता वाचता हसू कमी होत गेलं.

"माझं नाव का गाळलंस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच. खूप वाटलं. पण नाव गाळलंस त्याचं त्याहून जास्त वाटलं. बाकीच्यांना झोडपणार आणि घरच्यांना पाठीशी घालणार? मग तुमच्यात आणि आमच्या ऑफिसात फरक काय राहिला?" एवढं बोलून आत्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. भाची भांडी घासता घासता रडली.

दुसऱ्या दिवशी तिने भोंग्याला सगळं कबूल केलं. तो आधी जिना हादरेल असा ओरडला. मग त्या बाई कोण हे कळल्यावर, जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "मग... काढू या का नाव?"

"नाही," भाची म्हणाली. "राहू दे."

पुढचे काही दिवस आत्या 'हो' आणि 'नाही' एवढ्यावरच भागवत होती. सुट्टीच्या दिवशी जेवायच्या वेळेला ती कुठेशी गेली आणि लालबुंद चेहऱ्याने परतली. डोकं दुखतंय म्हणाली आणि आडवी झाली. थोड्या वेळाने शेजारच्याच खोलीतून भाचीला तिची ईमेल आली.

'लेख खरा आहे. नकाशावर मी झाडांचे हिरवे गोल काढले. भरघोस, तीस वर्षांच्या झाडांचे. प्रत्यक्षात लावली ती काठीएवढी रोपं, आणि तीही पाण्यावाचून गेली. मी मात्र त्या गोलांकडे बघून सावली आहे असं धरून चालले. चौक झाल्यापासून दुपारी मी तिथे एकदाही बसले नव्हते. आज बसले.'

भाचीचे डोळे भरून आले. ती लॅपटॉप घेऊन तशीच आत्याच्या खोलीत गेली. आत्या कपाळावर ओला रुमाल ठेवून पडली होती.

"टाकू हे?"

"मग काय लोणचं घालणार आहेस? एवढं ऊन खाल्लं ते उगाच का?"

भाची तिच्या गळ्यातच पडली. रुमाल गादीवर, गादी ओली, आत्याची आरडाओरड सुरू. त्या गडबडीतच अंक प्रसिद्ध झाला. त्यात आत्याचं नाव दोनदा होतं, एकदा भोंग्याच्या लेखात आणि एकदा उत्तराखाली, हुद्द्यासकट.