काशिरामबाबांची उघाडी

आमच्या नीताताईंना दोन गोष्टींचा भारी राग: पाणचट चहा आणि घाईघाईत दिलेली गोळी. नवीन पनवेलच्या एका दवाखान्यात त्या स्मृतिभ्रंशाच्या पेशंटांसाठी औषधांच्या चाचण्या आखतात आणि मी त्यांचे फॉर्म भरते. या वेळची गोळी आरडाओरडा, संशय शमवणारी होती. म्हाताऱ्या माणसांना ती फार जपून द्यावी लागते; माणसं गुंगीत पडतात, कधी जिवावरही बेततं. म्हणून ताईंनी कंपनीशी भांडभांड भांडून एक नियम घातला. आधी दोन आठवडे गोळीशिवाय काढायचे, घरच्यांना युक्त्या शिकवायच्या. तेवढ्यानं जो शांत होईल, त्याला चाचणीत घ्यायचं नाही.

शेवटची एक जागा उरली असताना ओवे गावचे काशिरामबाबा आले. जन्म मिठागरात गेलेला. रोज संध्याकाळी, भरती आली, उघाडी लावा, म्हणून घराचं दार बडवायचे. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी अडवणारी झडप; मिठागर बुजून वीस वर्षं झाली होती. मुलगा भावेश गोळीसाठी हटून बसलेला.

ताईंनी बाबांच्या बायकोला, सखूबाईंना सांगितलं, अडवू नका, सोबत जा. सखूबाई त्यांना रोज इमारतीच्या टाकीपाशी नेऊ लागल्या. बाबा व्हॉल्व्ह आवळायचे आणि घरी येऊन निमूट जेवायचे. चौथ्या दिवशी अख्ख्या इमारतीनं पाण्यासाठी बोंब मारली, तेव्हा भावेशनं प्लंबरकडून एक बिनकामाचा व्हॉल्व्ह बसवून घेतला. ताई यावर दोन दिवस हसत होत्या.

दोन आठवड्यांनी प्रश्नावली भरली, तर बाबा इतके शांत की नियमात बसेनात. मी हळूच म्हटलं, एखादा आकडा इकडेतिकडे केला तर जागा भरेल. ताईंनी असं बघितलं की मी पेन खाली ठेवलं.

सखूबाईंचा चेहरा उतरला. "उद्यापासून नाय नेत त्यांना. परत वरडतील. मंग घ्याल ना?"

"अहो, ते शांत आहेत, मग गोळी कशाला?" ताई म्हणाल्या.

"आज मी हाय. मी नसले तर कोन नेल?"

मला रडूच आलं. इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या भावेशनं तो खिशात टाकला आणि आईला विचारलं, व्हॉल्व्ह किती वाजता लावायचा असतो?

"बाबालाच इचार," सखूबाई म्हणाल्या.

बाबांना मुलाचं नाव आठवत नव्हतं. पण त्यांनी त्याला नीट न्याहाळलं, माणूस कामाचा आहे का ते बघावं तसं.

"ऊन कललं की ये," ते म्हणाले. "उशीर करू नको."