शेवट बदलून बघा

मंडळी, आज सकाळी आपल्या ग्रुपवर मी लिहायला विषय दिला होता, 'डबा'.

चिकलठाण्याच्या एका ताईंनी लगेच गोष्ट टाकली. नवरा जाऊन वर्ष झालं, तरी बायको रोज कंपनीच्या वेळेला त्याचा डबा भरते आणि दुपारी एकटीच खाते.

आपण सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले. मी वर शहाणपणा केला, "शेवट फार साधा झालाय. बदलून बघा."

दुपारी त्यांचा फोन आला. आवाज शांत होता. "मॅडम, गोष्ट नाय ती, माझंच घर हाय. शेवट बदलता आला असता तर बदलला नसता का?"



उद्याचा विषय एवढाच: त्यांच्या गोष्टीखाली आपण काय लिहायला हवं होतं?