प्रमोदिनीबाईंचं जंगलाचं कपाट

बंगळुरातलं राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं. शेवटच्या ओळीतल्या घरांमागे नाचणीची शेतं सुरू व्हायची आणि तिन्हीसांजेला कोल्हे ओरडायचे. नव्याने राहायला आलेल्या बायका घाबरून दारं लावून घ्यायच्या. प्रमोदिनीबाई हळबे मात्र दार उघडून पायरीवर बसायच्या आणि कोल्हा किती लांब आहे, कुठल्या बाजूला चाललाय, ते नवऱ्याला सांगायच्या. नवरा रत्नाकर विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. दिवसभर रेघा मारून दमलेल्या त्या गृहस्थाला कोल्ह्याच्या येण्याजाण्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण संसार सुखाचा व्हावा म्हणून ते हुंकार देत राहायचे.

बाईंचे वडील दांडेलीकडे जंगलखात्यात रेंजर होते. त्यामुळे बाई चालायला आणि वाट शोधायला एकदमच शिकल्या. ओल्या लाकडाचा विस्तव, पानांचं छप्पर, पाणी कुठलं प्यावं आणि कुठलं उकळावं, हे सगळं त्यांनी परकर-पोलक्याच्या वयात उचललं होतं. लग्न होऊन बंगळुरात आल्यावर त्यांच्या आजूबाजूला एकही माणूस असा नव्हता की ज्याला पळसाचं झाड ओळखता येईल. याचा त्यांना मनापासून राग यायचा. चांगली शिकलेली माणसं, पण लालबागेच्या बाहेर सोडली तर उपाशी मरतील, असं त्या तोंडावर म्हणायच्या.

कॅन्टोन्मेंटातली साहेबांची घरं रिकामी होत होती त्या काळातली गोष्ट. त्यांच्या सामानाचे लिलाव चालायचे. शेजारणींनी तिथून चहाची भांडी आणली, बाईंनी काचेच्या दारांचं एक कपाट आणलं, आत होती तेवढ्या पुस्तकांसकट. त्यात सैनिकांना जंगलात जिवंत राहायला शिकवणारं एक खाकी बांधणीचं पुस्तक होतं, स्काउटांचं गाठींचं पुस्तक होतं, म्हैसूर राज्यातल्या झाडांचा चित्रांसह जाडजूड ग्रंथ होता आणि कापडावर चिकटवलेले सर्व्हेचे नकाशे होते. पुढे बाईंनी पुण्याहून वनस्पतींची मराठी पुस्तकं मागवून त्यात भर घातली. घरात जागा नव्हती म्हणून कपाट मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गेलं, आणि दर रविवारी बाई त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागल्या.

"जंगलात राहायला शिकायचंय, काय वाचू?" असं कुणी विचारलं की बाई त्याला आधी आपादमस्तक न्याहाळायच्या. बँकेतले एक गृहस्थ सापांवरचं पुस्तक मागायला आले, तर बाईंनी झाडांचा ग्रंथ त्यांच्या हातात ठेवला. "साप तुम्हाला बघून पळून जाईल. झाड जागेवर असतं, त्याच्याशी आधी ओळख करून घ्या." गाठींचं पुस्तक नेणाऱ्याला त्या सुतळीचा गुंडा द्यायच्या आणि गुंडा परत येईल तेव्हा त्यात गाठ पडलेली दिसली पाहिजे, असं बजावायच्या. खाकी पुस्तक देताना तर दम भरायच्या. त्यातली झाडं ब्रह्मदेशातली होती, त्यामुळे त्यातलं चित्र बघून इथलं काही तोंडात घालायचं नाही. "विस्तवाचं प्रकरण मात्र पाठ करा," त्या म्हणायच्या. "विस्तव सगळीकडे सारखाच पेटतो."

खरं सांगायचं तर पुस्तकं नेणारे थोडे आणि चित्रं बघणारे फार. मंडळाचे सेक्रेटरी हयवदनराव हे फार दिवस बघत होते. ते निपाणीकडचे, घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायची. माणूस सज्जन, शब्दाचा पक्का, पण गणेशोत्सवाच्या नाटकांवर जीव. नाटकाचे कपडे ठेवायला जागा नव्हती आणि नेमक्या जागी हे कपाट उभं होतं. एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर त्यांनी बैठकीत विषय काढला. वाचायला कुणी नसेल तर पुस्तकं रद्दीत द्यावीत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

रद्दी हा शब्द ऐकल्यावर बाई उभ्याच राहिल्या. "मी सभासदांना दोन दिवस सावनदुर्गाच्या जंगलात नेते," त्या म्हणाल्या. "या पुस्तकांतून शिकून माणसं सुखरूप परत आली तर कपाट इथेच राहील. कुणाला काही झालं तर मी स्वतः हातगाडी बोलावीन."

"सरी, चालेल," हयवदनराव म्हणाले. "मीही येतो. आणि आमची अक्काही येईल. नरसिंहाचं देऊळ आहे तिथे, तिला दर्शन होईल."

अक्का म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीण, चंद्राबाई. विधवा, सोवळ्याओवळ्याच्या कडक, आणि जिभेला धार. त्यांना नेणं म्हणजे हातगाडी आधीच ठरवून ठेवण्यासारखं होतं, हे हॉलमधल्या सगळ्यांना कळलं. बाईंना कळलं नसेल असं नाही, पण त्यांनी पापणीही हलवली नाही.

बाईंनी प्रत्येकाला बजावून सांगितलं होतं, की सुरी, दोरी, मीठ, आगपेटी, कांबळं आणि तांदळाची पुरचुंडी एवढंच आणायचं. खाण्याचा दुसरा पदार्थ आणायचा नाही. माणसं मागडीच्या बसमधून उतरली तेव्हा पिशव्या इतक्या फुगलेल्या होत्या, की बाईंच्या भुवया वर गेल्या. "कांबळी जाड आहेत," सगळे एकमुखाने म्हणाले. आता मराठी माणसाला प्रवासाला निघताना शिदोरी आणू नको म्हणणं आणि श्वास घेऊ नको म्हणणं सारखंच. कांबळ्यांच्या घड्यांत बेसनाचे लाडू होते, तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, चकल्यांचे डबे होते. चंद्राबाईंच्या पितळी डब्यात दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या होत्या. दुधातली दशमी प्रवासात सोवळ्याला चालते, आणि त्यांना दुसरं काहीच चालत नव्हतं. बाईंनी कानाडोळा केला. ही त्यांची चूक झाली.

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी तळ पडला. सामान झाडाखाली ठेवून बाई सगळ्यांना घेऊन लाकडं गोळा करायला गेल्या आणि इकडे वानरं उतरली. ती परत आलेल्या माणसांना दिसली तेव्हा कांबळी झाडांवर लोंबत होती आणि बेसनाचा वास सगळीकडे सुटला होता. बाईंची स्वतःची पिशवीही उसवलेली होती आणि तिच्यातून चिवडा सांडलेला होता. तो कुणी ठेवला हे विचारायची गरज नव्हती. बाईंनी एकदा रत्नाकरांकडे बघितलं, आणि त्यांनी लगेच एक कांबळं काढायला झाडावर चढायला सुरुवात केली.

एका वानराने दशम्यांचा डबा पळवला होता. "अरे मेल्या, मडीतलं आहे ते, सोवळ्यातलं," असं म्हणत चंद्राबाई त्याच्यामागे धावल्या. वानर ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे गेलं. चंद्राबाईही दगडावर गेल्या, पाय घसरला आणि त्या गळ्यापर्यंत पाण्यात पडल्या.

त्यांना बाहेर काढलं तेव्हा ऊन कलत होतं आणि बंगळुरी कार्तिकातली ती चिवट झिमझिम सुरू झाली होती. हाडं मोडली नव्हती, पण अंगावरचं सगळं भिजलं होतं. बायकांनी कोरडी लुगडी पुढे केली. चंद्राबाईंनी मान हलवली. दुसरीचं नेसलेलं लुगडं त्या अंगाला लावणार नव्हत्या, जीव गेला तरी. हयवदनराव हात जोडून विनवू लागले. बाईंनी त्यांना बाजूला सारलं आणि आपली घोंगडी उलगडली. "लोकर आहे, अक्का. लोकर सोवळ्यात चालते. भिजलेलं सोडा आणि ही गुंडाळा." चंद्राबाईंनी घोंगडी ओढून घेतली. बायकांनी आडोसा धरला.

पण झाडाखालची लाकडं ओली, पाचोळा ओला. बाईंनी एक उभं वाळलेलं खोड फोडून घेतलं, त्याच्या आतला कोरडा गाभा काढला आणि सुरीने त्याच्या पातळ ढलप्या सोलल्या. पुस्तकात होतं तसंच सगळं केलं. पण हवा इतकी ओली, की काडी लागली तरी ढलपी धरायच्या आत विझायची. चंद्राबाईंचे दात मघापर्यंत वाजत होते, ते थांबले. त्या बोलायच्याही थांबल्या. थरथर थांबली की खरं भ्यावं, हे बाईंना ठाऊक होतं.

चटकन पेट घेईल अशी कोरडी एकच वस्तू उरली होती. बाईंच्या पाठीवरच्या मेणकापडात खाकी पुस्तक होतं. त्यांनी ते काढलं, विस्तवाचं प्रकरण उघडलं आणि ती पानं मुठीत धरली.

हयवदनरावांना वाटलं, बाई काहीतरी शोधताहेत. मग फाडल्याचा आवाज झाला. हा माणूस असा, की वर्तमानपत्राला पाय लागला तरी नमस्कार करायचा. "प्रमोदिनीबाई, पुस्तक आहे ते," ते म्हणाले.

"आहे," बाई म्हणाल्या. "आणि त्या अक्का आहेत. हे प्रकरण मला पाठ आहे, त्या दुसऱ्या मिळणार नाहीत."

त्यांनी पानं चुरगळून खाली ठेवली, त्यावर ढलप्या रचल्या, अंगाचा आडोसा केला आणि काडी ओढली. कागद धरला. ढलपी धरली. मग करंगळीएवढ्या काटक्या, मग मनगटाएवढं लाकूड. कुणी मध्ये हात घालायला आलं की बाई डोळे वटारायच्या. जाळ गुडघ्याएवढा झाल्यावर त्यांनी चंद्राबाईंना पुढे घेतलं आणि पाठीशी आपण बसल्या. बऱ्याच वेळाने घोंगडीच्या आतून आवाज आला, "स्वल्प सरक की ग, चटका बसतोय." हयवदनराव तोंड फिरवून रडले. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

चोरून आणलेलं सगळं वानरांनी खाल्लं होतं, तेव्हा त्या मंडळींना शेवटी बाईंनी सांगितल्याप्रमाणे राहावंच लागलं. फांद्यांचं छप्पर झालं, पाणी उकळलं, तांदूळ एका पातेल्यात शिजले. चंद्राबाईंच्या वाटचे तांदूळ वेगळ्या तांब्यात, त्यांच्याच हाताने. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मागडीच्या रस्त्याला लागले तेव्हा बँकेतले गृहस्थ वाटेतल्या झाडांची नावं घेत चालले होते आणि त्यातली निम्मी बरोबरही होती.

चंद्राबाईंना आठवडाभर सर्दी झाली. त्यामुळे बैठकीत हयवदनरावांची पंचाईत झाली. शब्दाचे पक्के ना. "सुखरूप परत यायचं ठरलं होतं," ते खाली बघत म्हणाले. "एक सभासद पाण्यात पडला."

बाईंनी पिशवी उचलली. "मी हातगाडी बघते," त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं, पण पिशवीचा बंद त्यांनी मुठीत आवळून धरला होता, हे रत्नाकरांनी पाहिलं.

"बस ग खाली," दारातून आवाज आला. चंद्राबाई शाल गुंडाळून उभ्या होत्या, नाक लाल. "पडले ती मी माझ्या डब्यापायी. नको सांगितलेलं नेलं की मी. कपाट हलवायचं कशाला, माझ्या भावाने आपले नाटकाचे कपडे माझ्या खोलीत ठेवावेत, म्हणजे मलाही कळेल तो कुठल्या बायकांची लुगडी जमवतो."

कपाट राहिलं. रत्नाकरांनी मनावर घेऊन कुठूनतरी त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मिळवली आणि आपल्या सुबक अक्षरात विस्तवाचं प्रकरण उतरवून काढलं. फाटक्या जागी चिकटवायला ते डिंकाची बाटली घेऊन आले, तेव्हा बाईंनी बाटलीचं झाकण लावून टाकलं. ते कागद त्यांनी घरी आपल्या ट्रंकेत ठेवले आणि कुणाला दाखवले नाहीत.

पुढे कितीतरी वर्षं दर रविवारी कुणी ना कुणी येऊन विचारायचं, जंगलात राहायला शिकायचंय, आधी काय वाचू. बाई न चुकता ते खाकी पुस्तकच द्यायच्या. महिन्याभराने तो माणूस परत यायचा आणि विस्तवाचं प्रकरण कुठे गेलं म्हणून विचारायचा.

"ते अक्कांना लागलं," बाई म्हणायच्या. "आता रविवारी सकाळी मागडीच्या बसस्टँडवर या. खायला काही आणू नका."