धाकटीची रजा

धाकट्या बहिणीला वाळूजच्या एका परदेशी कंपनीत नोकरी लागली, तेव्हा पेढे मीच वाटले. जळायला लागले ती नंतर. मी औरंगपुऱ्यात साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी. तिला न्यायला कंपनीची बस यायची, जेवण कँटीनमध्ये, आणि रजा हवी असली की मोबाइलवर अर्ज केला, झालं. माझी रजा मालकांच्या मूडवर. सकाळी आधी त्यांचा चेहरा बघायचा, मग तोंड उघडायचं.

मामेभावाच्या लग्नात तर कहर झाला. तिनं हळद आणि लग्न, दोन्ही दिवस मागितले आणि लगेच मिळालेसुद्धा. मी विचारलं, तर मालक म्हणाले, "लग्नसराईत सुट्टी? दुकान कोण बघणार?"

हळदीचे फोटो मी गिऱ्हाइकांच्या गर्दीत चोरून पाहिले. आईला खेटून ती बसलेली, गालभर हळद, खिदळत. तिथं मी असायला हवी होते. लग्नाला कशीबशी पोचले तेव्हा पंगती उठत होत्या.

"ताई, लई उशीर केलास गं," ती म्हणाली. साधंच बोलली, पण मला असं झोंबलं की मी न जेवताच निघाले.

दुसऱ्या दिवशी मालकांना ऐकवलं, "माझ्या बहिणीच्या कंपनीत असं नाय चालत."

ते चिडले नाहीत. "तिथं माल घेणारे बाहेरदेशाहून येतात, कामगारांना नीट ठेवलंय का ते तपासतात. वर युनियन. माझ्याकडं कोण येतं? गिऱ्हाईक. अन् तेही लग्नसराईतच."

खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. जेवणाच्या सुट्टीत दुकानातल्या बाकीच्या बायकांना गोळा केलं आणि सगळ्या मिळून त्यांच्यापुढं उभ्या राहिलो. घरच्या कार्याला प्रत्येकीला रजा पाहिजे, पाळ्या आम्ही आधीच ठरवू.

मालकांनी भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं. मग म्हणाले, "एका दिवशी दोघींनी नाय जायचं." तेवढ्यावर जमलं.

बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "भारीच की! आमच्याकडं सगळं वरून ठरून येतं. आम्हाला कोण विचारतंय?"

मला बरं वाटायला हवं होतं. पण त्याच दमात ती दिवाळीत गोव्याला जायचं सांगू लागली, भरपगारी रजेवर. मी "मजा कर" म्हणाले आणि फोन ठेवून दिला.